थांबलेल्या गाडीच्या डावीकडून

कंपन्यांच्या बस आणि व्हॅन चालवणाऱ्यांसाठी मी ठाण्यात उजळणी वर्ग घेतो. वर्गात अपघाताची प्रकरणं चर्चेला घेतो तेव्हा बहुतेक वेळा चूक कोणाची हे पहिल्या पाच मिनिटांत ठरतं. कोणी प्यालेला असतो, कोणी राँग साइडने आलेला असतो, कोणाचा डोळा लागलेला असतो. पोखरण रोड क्रमांक २ वरच्या या प्रकरणात यातलं काहीच नाही. कोणी सिग्नल तोडला नाही, कोणाच्या कानाला फोन नव्हता, बाइकवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. आणि सगळं सुरू झालं ते एका सज्जन माणसाने म्हाताऱ्या बाईसाठी गाडी थांबवली तिथून. म्हणूनच वर्गात यावर भांडणं होतात.

माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. घटनाक्रम एका दुकानाच्या सीसीटीव्हीवरून आणि चौघांशी वेगवेगळं बोलून जुळवला आहे.

जागा

वसंत विहारच्या अलीकडे दुभाजकात एक कट आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन. कट ठेवलाय यू-टर्नसाठी, पण पायी माणसंही तिथूनच ओलांडतात, कारण पुढचा सिग्नल लांब आहे आणि स्कूल बस कटच्या बरोबर समोर थांबते. तिथे झेब्रा होता. ‘होता’ म्हणजे, माहीत असलेल्याला शोधून दिसायचा.

सकाळी सात ते नऊ या रस्त्यावर स्कूल बस, कंपनीच्या बस, स्टेशनकडे धावणाऱ्या शेअर रिक्षा आणि माजिवड्याला उतरून हायवेला लागणाऱ्या कार, असा सगळा मेळा असतो. यातले बहुतेक जण रोजचेच. आणि रोजच्या माणसाच्या डोक्यात त्या कटजवळ थांबलेल्या गाडीचा एकच अर्थ असतो: यू-टर्न मारतोय, काढ डावीकडून. हा अर्थ लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

घडलं काय

जूनचा शेवटचा आठवडा. रात्रभर पावसाने उघडीप दिलेली, रस्ता कोरडा. सत्तरीच्या घरातल्या एक आजी नातवाला पलीकडे बसमध्ये बसवून परत येत होत्या. नातवाने ऐन वेळी ‘नको मला’ म्हणून परत दिलेला निळा रेनकोट त्यांच्या हातात. अर्धा रस्ता ओलांडून त्या दुभाजकाच्या कटमध्ये उभ्या राहिल्या. एक-दोन मिनिटं कोणी वाट दिली नाही.

मग उजव्या लेनमधून, म्हणजे दुभाजकालगतच्या लेनमधून, एक उंच एसयूव्ही आली. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे. त्यांनी आजींना पाहिलं आणि गाडी थांबवली. काच खाली करून ‘या, या आजी, चला’ म्हणत हाताने पुढे यायची खूण केली. इंडिकेटर नाही, चारही दिवे लुकलुकवणं नाही. थांबले, बस्स.

त्यांच्या मागे शेअर रिक्षा. आत तिघं. त्यातल्या एक बाई वसंत विहारपासून दोनदा म्हणाल्या होत्या, ‘भाऊ, लोकल जाईल माझी.’ रिक्षावाल्याला पुढची एसयूव्ही का थांबली ते दिसत नव्हतं. त्याने हॉर्नवर अंगठा ठेवला तो उचललाच नाही.

आता आजींकडून ऐका. ‘तो भोंगा माझ्यासाठीच वाजतोय असं वाटलं. माझ्या एकटीपायी सगळे खोळंबले. मी त्या साहेबांना नमस्कार केला आणि झपझप निघाले.’ म्हणजे हॉर्न नसता तर त्या आपल्या चालीने निघाल्या असत्या, कदाचित एसयूव्हीच्या कडेशी येऊन डोकावल्याही असत्या. हॉर्नमुळे त्यांची नजर काचेतल्या चेहऱ्यावर राहिली आणि पाय वेगात पडले.

रिक्षाच्या मागे बाइक. मुलगा चोविशीचा, वागळे इस्टेटमध्ये एका युनिटला. तिथे पंचिंग आहे. तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापतात आणि त्या महिन्यात त्याचे दोन झालेले. रिक्षा थांबली, तिच्यापुढे एसयूव्ही थांबलेली, जागा कटची. त्याने जो अर्थ लावायचा तो लावला आणि डाव्या लेनमध्ये काढली.

एसयूव्हीच्या मागच्या चाकाशी पोचला तेव्हा पुढच्या बंपरच्या कोपऱ्यातून निळं काहीतरी बाहेर आलं. त्याने दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक सरकलं, हँडल आजींच्या कोपराला लागलं. आजी हात टेकून पडल्या. बाइक आणि मुलगा चार पावलं पुढे घसरत गेले.

आजींच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. पुढे प्लेट घालावी लागली. मुलाचा गुडघा सोलला, हेल्मेटवर लांब ओरखडा.

रस्त्यावरचं भांडण

गर्दी जमायला वेळ लागत नाही. एकाने मुलाची कॉलर धरली. एसयूव्हीवाले काका खाली उतरले आणि थरथरत ओरडले, ‘अरे, माणूस दिसत नाही का तुला? मी थांबलोय ते काय उगाच थांबलोय?’

मुलगा गुडघा धरून बसला होता. तो म्हणाला, ‘तुम्ही मधेच थांबलात कशाला? मला काय माहीत, कोणाला सोडताय ते!’

यावर त्याला एक ठेवून दिली गेली. गर्दीच्या हिशेबाने बरोबरच होतं: एक थांबलेला, एक न थांबलेला, न थांबलेल्याची जीभ वर. पण वर्गात मी याच वाक्यावर सर्वांत जास्त वेळ थांबतो. उद्धटपणा बाजूला काढला तर तो प्रश्न अगदी खरा आहे. मागच्या माणसाला कसं कळावं?

यानंतर जे झालं तेही लिहायला हवं. आजींना हॉस्पिटलमध्ये नेलं त्याच रिक्षावाल्याने. दोन सीट उतरवून दिल्या, भाडं घेतलं नाही. आणि लोकलची घाई असलेल्या त्या बाई आजींचा हात मांडीवर धरून सोबत गेल्या. आठ मिनिटांपूर्वी हॉर्न वाजवणारा आणि वाजवायला लावणारी, दोघंही हीच. माणसं वाईट होती म्हणून हे घडलं, असं सांगायला इथे जागाच उरत नाही.

पाच मीटर

फुटेजमध्ये दोन विजेच्या खांबांमधला वेळ दिसतो. प्रत्यक्ष जाऊन खांबांमधलं अंतर मोजलं तर बाइकचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास येतो. मुलगाही ‘पस्तीस-चाळीस’ म्हणाला होता. खोटं बोलला नाही.

ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे ११ मीटर बाइक आहे त्याच वेगात जाते. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी नऊएक मीटर. एकूण २० मीटर. मुलाला आजी दिसल्या तेव्हा त्या होत्या पाचएक मीटरवर. ते अंतर कापायला त्याला अर्धा सेकंदही लागला नाही. फुटेजमध्ये त्याचा ब्रेक लागलेला दिसतो, कारण एसयूव्हीच्या बाजूने येतानाच त्याने थोडी मूठ सोडली होती आणि बोटं ब्रेकवर होती. त्यामुळे आजी वाचल्या. तोल सांभाळणं जमलं नाही, ती गोष्ट वेगळी.

वर्गात कोणीतरी हमखास विचारतं, ‘तीसने असता तर?’ तीसला थांबायला साधारण १३ मीटर लागतात. विसाला आठ. पंधराला साडेपाचच्या जवळ. याचा अर्थ काय, ते चालक स्वतःच काढतात: दिसल्यावर ब्रेक मारून हा अपघात टाळणं कोणालाच शक्य नव्हतं. टळला असता तो दिसण्याच्या आधी, थांबलेल्या गाडीच्या मागेच. तिथे पंधरावर आला असता तरच.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत पायी चालणारे जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि सरकारी अहवालात ७१.२ टक्के मृत्यूंपुढे कारण लिहिलंय अतिवेग. हे आकडे फळ्यावर लिहिले की माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर रात्री बाइक उडवणारी पोरं आठवतात. स्वतः कोणीच आठवत नाही. या मुलाचा वेग कुठल्याही कॅमेऱ्यात पकडला गेला नसता, दंडाची पावती आली नसती. मोकळ्या रस्त्यावर चाळीस हा सभ्य वेग आहे. न दिसणाऱ्या कोपऱ्याशी तोच चाळीस अतिवेग होतो.

चौघं

बाइकवाल्याचा दोष सर्वांत मोठा, याबद्दल मला शंका नाही. पुढचं वाहन उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन मध्याकडे गेलं असेल तर डावीकडून जायची मुभा नियमांत पूर्वीपासून आहे. पण एसयूव्हीचा उजवा इंडिकेटर लागलेला नव्हता. त्याने तो पाहिलाच नाही. कट दिसला आणि बाकीचं सवयीने भरून काढलं. दोन वाहनं एकापाठोपाठ थांबलेली दिसल्यावर ‘काहीतरी आहे’ हा विचार यायला हवा होता. थांबला असता तर किती वेळ गेला असता? एका बाजूच्या दोन लेन म्हणजे सातएक मीटर. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात; आजी त्याहून हळू धरा. आठ-नऊ सेकंद. त्यातले निम्मे तर तो पोचेपर्यंत संपलेच होते.

पण लेट मार्कबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर आपण फक्त पोरांना झोडपतो. तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कापणारी कंपनी त्या मुलाला रोज सकाळी पोखरण रोडवर शर्यत लावायला पाठवते. ही गोष्ट मी कंपन्यांच्या अ‍ॅडमिनवाल्यांसमोर बोलतो तेव्हा ते चहाचा कप उचलतात.

रिक्षावाल्याचा हॉर्न. पुढचा का थांबला ते दिसत नसताना वाजवलेला हॉर्न नेमका कोणाच्या अंगावर पडतो, हे वाजवणाऱ्याला कधीच माहीत नसतं. इथे तो आजींच्या पायांवर पडला. याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

आजींना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, पण त्यांना मी भेटून एक सांगितलं: थांबलेल्या गाडीच्या पुढून जाताना तिची शेवटची कड आली की उभं राहायचं, मान बाहेर काढून बघायचं, मग पुढची लेन. त्या म्हणाल्या, ‘बाळा, त्यांनी बोलावलं म्हणून गेले ना मी.’

आणि इथे आपण एसयूव्हीवाल्या काकांपाशी येतो.

सिग्नल नसलेल्या झेब्रावर पादचाऱ्याला वाट द्यायची, हे चालकाचं कर्तव्यच आहे. २०१७ च्या वाहनचालनाच्या विनियमांत तसं आहे. काका थांबले ते योग्यच. गडबड थांबण्याच्या पद्धतीत झाली. ते झेब्राला जवळजवळ टेकून थांबले, त्यामुळे त्यांचीच उंच गाडी आजींच्या आणि डाव्या लेनच्या मध्ये भिंतीसारखी उभी राहिली. मागच्यांना त्यांनी काहीच सांगितलं नाही. डाव्या आरशात पाहिलं नाही. आणि हाताने ‘या’ म्हणाले. त्या ‘या’चा आजींनी घेतलेला अर्थ होता ‘रस्ता मोकळा आहे’. काकांच्या हातात फक्त त्यांची स्वतःची लेन होती. शेजारची लेन त्यांच्या मालकीची नव्हती, आणि ती त्यांनी देऊन टाकली.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते दुखावले. ‘म्हणजे थांबलो हाच माझा गुन्हा? तर मग आता नाही थांबत.’ आणि खरंच, कितीतरी दिवस ते त्या कटजवळून सरळ निघून जायचे, असं त्यांनीच सांगितलं. मला सर्वांत जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं. ठाण्यात आधीच थांबणारे किती!

मग थांबायचं कसं

वर्गात आम्ही हे रिकाम्या प्लॉटवर करून पाहतो. एक जण आजी होतो (यावर हशा पिकतोच), एक जण डावीकडून बाइक आणतो, अगदी हळू. झेब्राला टेकून थांबलेल्या व्हॅनमागून आजीचा फक्त पाय दिसतो, तोही शेवटी. तीच व्हॅन दोन गाड्यांच्या लांबीइतकी अलीकडे थांबवली की बाइकवाल्याला आजी पूर्ण दिसते, आणि आजीलाही बाइक दिसते. काकांनी एवढं एकच केलं असतं तरी पाच मीटरचे पंधरा झाले असते, आणि मुलाने त्या वेळेत काहीतरी केलं असतं.

त्याशिवाय: लांबूनच ब्रेकवर हलका पाय टेकत यायचं म्हणजे मागचे दिवे बोलायला लागतात. थांबताना चारही दिवे लुकलुकवायचे, म्हणजे कटजवळ असूनही यू-टर्नचा समज होत नाही. डावा आरसा बघायचा. आणि हात काढायचाच तर पादचाऱ्याला बोलावण्यासाठी नको, मागच्यांना ‘थांबा’ सांगण्यासाठी काढायचा. पायी माणसाला आपण फक्त थांबून दाखवायचं. निघायचं कधी ते त्याने ठरवायचं. त्याला उशीर लागला तर लागू दे.

एका तुकडीत ठाण्यातच आयुष्य बस चालवण्यात घालवलेले एक जुने चालक होते. त्यांना माझी ही पद्धत पसंत नव्हती. त्यांचं म्हणणं, ‘सर, दिवे-बिवे कोण बघतंय. मी बस थोडी डावीकडे घेऊन तिरकी लावतो. बाइक जाऊच शकत नाही. मग म्हातारी आरामात जाते.’ बसच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे, मी ते मान्य केलं. तेवढ्या लांबीला लोक मान देतात. कारने तसं केलं तर मागून येणारा तिच्या डाव्या दारातच घुसेल. तरुण चालकांना मात्र त्यांचीच पद्धत आवडली. आडवं लावणं सगळ्यांना आवडतं.

नंतर

आजींच्या मुलाला आधी प्रकरण आपसात मिटवायचं होतं. ‘पोराची नोकरी जाईल’ म्हणाला. पण हाड मोडलेलं, हॉस्पिटलने एमएलसी केली, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, आणि पोलीस आले. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५(ब) खाली गुन्हा नोंदला गेला; हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतीतच येतं. रिक्षावाला जबाबाला घाबरत होता. त्याला सांगावं लागलं, की जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने, कलम १३४-अ मध्ये, संरक्षण दिलंय. साक्ष देणं न देणं त्याच्या मर्जीवर. त्याने जबाब दिला, आणि हॉर्नचंही सांगितलं, कोणी विचारलं नसताना.

खरी पंचाईत निघाली विम्याची. बाइक सेकंडहँड, २०१८ च्या आधीची. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ही त्यातली नव्हती आणि तिचा विमा संपून गेलेला. विमा चालू असता तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करून भरपाई विमा कंपनीकडून मागता आली असती. आता दावा केला तर तो थेट त्या मुलावर. आजींच्या घरच्यांनी अजून केलेला नाही. बाइकवाल्या मुलाने ऑपरेशनच्या खर्चातला काही भाग हप्त्यांनी द्यायचं कबूल केलंय आणि दोन हप्ते दिलेत. घरात यावरून मतभेद आहेत. सून म्हणते दावा करा, सासू म्हणते राहू दे.

झेब्रा सोसायट्यांच्या अर्जानंतर पावसाळा संपल्यावर नव्याने मारला गेला. ठळक आहे. त्याच्या दोन गाड्या अलीकडे थांबण्याची आडवी रेघही मागितली होती, ती मारली नाही. कट बंद करा अशीही एक मागणी आहे. मी तिच्या विरोधात आहे: कट बंद झाला की यू-टर्नवाले पुढच्या सिग्नलपर्यंत जाणार नाहीत, राँग साइडने येतील, आणि पायी माणसं दुभाजकावर चढून उतरतील.

काका मध्यंतरी एका वर्गाला येऊन मागच्या बाकावर बसले. प्लॉटवर त्यांनी आपल्या एसयूव्हीने थांबून दाखवलं, दोन गाड्या अलीकडे, चारही दिवे लावून. मग खाली उतरून मला म्हणाले, ‘हे इथे ठीक आहे. पण एवढी जागा पुढे सोडली ना, की पोखरण रोडवर तिसराच कोणीतरी आडवा येऊन त्या जागेत घुसणार. त्याचं काय करायचं ते सांगा.’ वर्गातल्या अर्ध्या जणांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, घुसू दे; तो घुसला तर निदान आजीला दिसेल आणि ती निघणार नाही. काकांना ते पटलं नाही. पुढच्या तुकडीला प्लॉटवर हाच प्रयोग तिसरी गाडी घुसवून करायचा, असं आम्ही ठरवलंय, आणि ती तिसरी गाडी काका चालवणार आहेत.